जुनी रिंग मापू नका, खाच मापा

वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटरसायकली

गणपती झाले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंग बदलतो. चाकरमानी चार दिवस गावी येतात, पडवीत ताडपत्रीखाली ठेवलेली वडिलांची येझदी नाहीतर काकाची बुलेट बाहेर काढतात, किका मारमारून पोटऱ्या दुखवून घेतात आणि मुंबईला परतल्यावर मला लिहितात. यंदाच्या बहुतेक पत्रांत एकच रड आहे. कार्बोरेटर (पेट्रोल नि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) खोलला, किट टाकलं, तरी पेट्रोल गळतंय, नाहीतर गाडी आयडलला, म्हणजे थ्रॉटल न पिळता, धड राहत नाही. म्हणून या अंकात फक्त कार्बोरेटरची रबरं, पॅकिंग आणि वायसर. क्लचप्लेटवाल्यांनी थोडा दम धरावा.

प्रश्न : वडिलांची नव्वदच्या दशकातली बुलेट ३५० आहे, कार्बोरेटर मिककार्ब व्हीएम २४. बाजारातलं रिपेअर किट टाकलं. इंजिनाकडच्या फ्लॅंजची (कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या चपट्या कडेची) ओ-रिंग, म्हणजे रबरी गोल रिंग, किटमध्ये नव्हती, म्हणून गावातल्या नळसामानाच्या दुकानातून जुन्या रिंगच्या मापाची आणली. दोन दिवस गाडी झकास चालली. आता थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटाके फुटतात, आयडल कधी वर, कधी खाली. किट विकणारा म्हणतो, हिरवी रिंग घ्या, हिरवी म्हणजे व्हायटॉन. खरं काय? (एक वाचक, देवगड)

उत्तर : तुमच्या पत्रात दोन गोष्टी चुकल्या आहेत, आणि दोन्ही इतक्या सर्रास चुकतात की जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट रबराच्या जातीची. नळाच्या रिंगा बऱ्याचदा ईपीडीएम नावाच्या रबराच्या असतात. पाण्याला, उन्हाला, ब्रेकच्या तेलाला हे रबर उत्तम. पेट्रोलशी मात्र त्याचं उभं वैर आहे. रात्रभर पेट्रोलात ठेवलेली ईपीडीएमची रिंग सकाळी भिजत घातलेल्या वालासारखी टुमटुमीत होते, खाचेतून वर येते आणि मऊ पडते. फ्लॅंजच्या रिंगला पेट्रोलची आंघोळ घडत नाही, पण तिथून भिजकी हवा सतत जाते, तेवढं पुरतं. दोन दिवस झकास चालली ती रिंग फुगत होती तेव्हा. मग गाडी उभी राहिली, रिंग सुकली, आकसली, आणि फटीतून हवा आत जायला लागली. हवा जास्त, पेट्रोल कमी, म्हणून थ्रॉटल सोडल्यावर फटाके.

कार्बोरेटरला चालणारी रबरं मुख्यतः दोन. एक नायट्राईल, दुकानात 'एनबीआर' म्हणतात. दुसरं एफकेएम, ज्याला सगळे व्हायटॉन म्हणतात. व्हायटॉन हे खरं तर एका कंपनीचं व्यापारी नाव, १९५० च्या दशकात ड्यूपॉंनं बाजारात आणलेलं. सिलिकॉन नको, ईपीडीएम नको, सायकलच्या ट्यूबचं कापलेलं रबर तर मुळीच नको. (हसू नका, गेल्या वर्षी एका बुलेटच्या वाटीतून, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं त्या भांड्यातून, मी ते स्वतः काढलंय.)

पूर्वी नायट्राईल पुरत होतं, कारण पेट्रोल नुसतं पेट्रोल होतं. आता त्यात इथेनॉल आहे. १० टक्क्यांचं उद्दिष्ट आपण २०२२ मध्ये गाठलं, २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये पंपावर आलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. नायट्राईल नुसत्या पेट्रोलात थोडं फुगतं. पेट्रोल आणि इथेनॉल एकत्र आले की त्याहून जास्त फुगतं. चांगल्या प्रतीचं नायट्राईल तरीही चालतं, पण दरवर्षी बदलायची तयारी ठेवा. जुन्या गाडीसाठी आज नव्यानं घेत असाल तर मी एफकेएमच घ्या म्हणेन. किमतीतला फरक एका रिंगमागे चहा-भजीच्या बिलाएवढा.

आता हिरव्या रंगाचं. रंगावरून रबराची जात कळत नाही. व्हायटॉन काळं मिळतं, तपकिरी मिळतं, हिरवंही मिळतं. आणि गाडीच्या एसीच्या पाइपात बसणाऱ्या हिरव्या रिंगा बहुधा वेगळ्याच रबराच्या, एचएनबीआरच्या असतात. ओळखायचं असेल तर वजन करा. त्याच आकारमानाचं नायट्राईल पाण्याच्या साधारण सव्वापट भरतं, एफकेएम पावणेदोनपटीच्याही वर. आतला व्यास २० मिमी आणि जाडी २ मिमी अशी रिंग घेतली तर नायट्राईलची पाव ग्रॅमहून किंचित जास्त भरेल, एफकेएमची ०.४ ग्रॅमच्या आसपास. सोनाराच्या काट्यावर हा फरक लगेच दिसतो. ओळखीचा सोनार असेल तर तो हसेल, पण तोलून देईल.

दुसरी चाचणी आणखी सोपी. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पंपावरचं पेट्रोल घ्या, रिंगची जाडी व्हर्निअरनं मापून ती आत टाका, झाकण लावा, दोन दिवसांनी परत मापा. ईपीडीएम आणि सिलिकॉन पहिल्याच रात्री उघडे पडतात. बरणी घराबाहेर सावलीत ठेवा, न्हाणीच्या चुलीपासून लांब. आणि एक काम कधीही करू नका : काडी लावून 'जळतं का' बघायचं. एफकेएम जळताना निघणारा धूर विषारी असतो, फुफ्फुसाला नि कातडीला गंभीर इजा करतो. हा प्रकार मी आपल्याकडच्या चांगल्या चांगल्या मिस्त्रींना करताना पाहिलाय.

दुसरी चूक मापाची. तुम्ही जुनी रिंग दुकानात नेलीत. जुनी रिंग खोटं बोलते. वर्षानुवर्षं दाबून ती चपटी झालेली असते, पेट्रोल पिऊन रुंदावलेली असते, नाहीतर सुकून आकसलेली असते. ती मूळ कोण होती ते तिच्यावरून कळणार नाही. मापायची ती खाच. धातू फुगत नाही.

कार्बोरेटर काढा, फ्लॅंजच्या खाचेतला काळा कीस लाकडी टोकानं खरवडून काढा (स्क्रू-ड्रायव्हर नको, जस्ताच्या धातूवर ओरखडा पडला की तीच गळतीची वाट). मग व्हर्निअरच्या मागच्या टोकाला जी बारीक पट्टी बाहेर येते, तिनं खाचेची खोली मापा. चार ठिकाणी मापा, कारण घासलेल्या फ्लॅंजवर ती सगळीकडे सारखी नसते. समजा खोली १.५ मिमी आली. बसवल्यावर रिंग साधारण १५ ते ३० टक्के दाबली गेली पाहिजे. २ मिमी जाडीची रिंग घेतली तर अर्धा मिमी दाबली जाते, म्हणजे २५ टक्के, उत्तम. १.७८ मिमीची घेतली तर दाब १६ टक्क्यांच्या आत, काठावर पास. २.४ मिमीची घेतली तर ३७ टक्क्यांच्या वर. मग ती खाचेत मावत नाही, फ्लॅंज टेकत नाही आणि तुम्ही नट आवळत बसता.

जपानी वळणाच्या कार्बोरेटरला जपानी मापाच्या रिंगा बसतात, तिथे एक गंमत लक्षात ठेवा. 'पी १०' आणि 'पी १० ए' या दोन्ही रिंगांचा आतला व्यास ९.८ मिमीच. पण पहिलीची जाडी १.९ आणि दुसरीची २.४. फोनवर 'पी दहा द्या' म्हटलं की दोन्हींतली कुठलीही येऊ शकते. म्हणून दुकानात नेहमी आतला व्यास आणि जाडी, दोन्ही आकडे सांगा. इंग्लिश गाड्यांना इंचाची मापं, तिथे १.७८ आणि २.६२ मिमी जाडी भेटेल. कडकपणा विचारला तर ७० शोर सांगा. ९० ची रिंग जेसीबीच्या हायड्रॉलिकसाठी, ती दाबायला जो जोर लागतो त्यानं तुमचा फ्लॅंजच वाकेल.

आणि व्यास ठरवताना, इंजिन आतून ओढतं नि बाहेरची हवा रिंगला आत ढकलते, म्हणून रिंग खाचेच्या आतल्या भिंतीला टेकलेली हवी. किंचित ताणून बसली तर चालेल, पाच टक्क्यांपर्यंत. सैल, लोळणारी रिंग नको.

शेवटी फ्लॅंज. दोन स्टडांवर बसणारा फ्लॅंज वर्षानुवर्षं आवळून कडांना इंजिनाकडे वाकतो नि मध्ये पोकळ होतो. खिडकीच्या काचेचा तुकडा घ्या, त्यावर फ्लॅंज ठेवा आणि कडेनं उजेडाकडे बघा. मधोमध फट दिसली तर वाकलाय. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, आठच्या आकड्यात फिरवत, हलक्या हातानं घासा. दर थोड्या वेळानं खाचेची खोली पुन्हा मापा, कारण घासलं की ती कमी होते. मघाशी काढलेलं गणित त्या नव्या खोलीवर परत करा.

तुमच्या भागात नळाच्या नाही, बेअरिंग आणि ऑइल सीलच्या दुकानात जा. रत्नागिरी-मालवणकडे ट्रॉलरच्या इंजिनांमुळे ही दुकानं चांगली भरलेली असतात. खेड-चिपळूणकडच्या वाचकांनी लोटे-परशुरामच्या वसाहतीला माल पुरवणाऱ्यांकडे चौकशी करावी; केमिकलच्या पंपांना व्हायटॉन लागतंच.

प्रश्न : काका, मी यामाहा आरएक्स १०० ची वाटी उघडली तर आतली रबराची रिंग खाचेपेक्षा मोठी झाली, बसतच नाही. बोटभर लांब झाल्येय. कापून फेव्हिक्विकनं जोडू का? (एक वाचक, गुहागर. 'मुलगी गाडी खोलते म्हणून आई ओरडते' असंही लिहिलंय.)

उत्तर : कापू नकोस गं. रबर पेट्रोल पिऊन लांबलंय, बाकी काही नाही. वर्तमानपत्रावर सावलीत एक रात्र ठेव, सकाळी बहुतेक गपचूप खाचेत बसेल. जोडलेली रिंग जोडावर गळणारच, आणि फेव्हिक्विकचा जोड कडक होऊन वाटीला टोचतो. आकसल्यावर तिच्यावर बारीक भेगा दिसल्या किंवा ती चपटीच राहिली, तर नवी घे. नवी घरात आहे म्हणून जुनी टाकू नकोस. भर रस्त्यात वाटी उघडायची पाळी आली तर सुकी रिंग खिशात असलेली बरी.

आईला सांग, पेट्रोलचा वास केरोसीनपेक्षा लवकर जातो.

प्रश्न : २०२१ च्या जुलैतल्या पुरात आमची येझदी दीड दिवस वाशिष्ठीच्या पाण्यात होती. आता तिचं सगळं नव्यानं करतोय. मुंबईत एकाकडे म्हैसूरच्या कारखान्याचा मूळ सीलबंद माल आहे, कार्बोरेटरची आणि पेट्रोल कॉकची रबरं, पुड्या न फोडलेल्या. महाग आहे, पण ओरिजिनल. घेऊ का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : पुड्या घ्या, पण शोकेससाठी. गाडीत घालू नका.

येझदी बनवणाऱ्या आयडियल जावाचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. म्हणजे तुम्हाला मिळणारं सगळ्यात ताजं 'मूळ' रबरही पंचवीस वर्षांच्या वरचं. रबर पुडीतसुद्धा म्हातारं होतं. हवेतला ओझोन, उकाडा, आणि दुमडून ठेवल्याचा ताण या सगळ्यांनी ते आतून कडक होत जातं. विमानांच्या सीलसाठी अमेरिकेत साठवणीची जी मार्गदर्शक मर्यादा पाळतात, तिच्यात नायट्राईलला १५ वर्षं आहेत; व्हायटॉनला मर्यादाच घातलेली नाही. जुन्या पुडीतलं रबर नायट्राईल असण्याचीच शक्यता जास्त. बोटांत धरून दुमडा, वळणावर पांढुरकी रेघ किंवा भेग दिसली तर तिथेच निकाल.

पितळी जेट (बारीक भोकाचा, पेट्रोल मोजून सोडणारा), स्लाइड (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी), सुई, स्प्रिंग हे भाग मात्र जुने मूळचे मिळाले तर डोळे मिटून घ्या. धातूची झीज होते ती वापरानं, पुडीत पडून नाही. आजच्या नकली स्लाइड सैल असतात आणि त्या फटीला कुठलीच ओ-रिंग उपाय नाही. लोक उलट करतात : रबरासाठी मुंबई पालथी घालतात आणि स्लाइड बाजारातली नकली टाकतात.

पुराच्या गाडीचं एक वेगळं सांगतो. गाळ बारीक असतो, तो कार्बोरेटरच्या आयडलच्या वाटेत बसतो आणि रबर कितीही चांगलं असलं तरी गाडी हातात येत नाही. धुताना सगळी रबरं आधी बाहेर काढा. थिनर, अॅसिटोन आणि फवाऱ्याचा कार्ब क्लीनर यांनी व्हायटॉनचंही वाटोळं होतं. पेट्रोलात टिकणारं रबर अॅसिटोनात टिकत नाही. नवं किट घालून मग 'एकदा शेवटचं धुऊ' म्हणत थिनर मारणारे मला दर पावसाळ्यात भेटतात.

पेट्रोल कॉकमध्ये बूच असेल तर ते वेगळं प्रकरण. बुचाला ओलावा लागतो. कोरडं पडलं की आकसतं आणि गळतं. नवं बूच आदल्या रात्री पेट्रोलात भिजवा, मग बसवा.

प्रश्न : आजोबांची बीएसए एम २० आहे, लष्कराच्या लिलावातली. अमाल २७६ कार्बोरेटर. ओ-रिंगचं किट कुठे मिळेल? दोन दुकानदारांनी वेगवेगळी किटं दाखवली, एकही बसेना. (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : बसणार कशी? तुमच्या कार्बोरेटरमध्ये ओ-रिंग नाहीच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी लाखावर एम २० बनल्या, आणि त्या काळचा हा अमाल पितळ, जस्ताचा धातू, कागद आणि फायबरवर चालतो. फ्लोटचं (पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी राखणाऱ्या भागाचं) भांडं वेगळं, बाजूला लटकणारं. ते जिथे बोल्टनं मुख्य अंगाला जोडलंय तिथे वर-खाली लाल फायबरचे वायसर, खालच्या मोठ्या नटाखाली एक फायबर वायसर, पाइपाच्या जोडाला आणखी. फ्लॅंजला कागदी पॅकिंग. झालं तुमचं किट.

फायबर म्हणजे दाबून घट्ट केलेला कागदच असतो, तो ओलावा पितो. आपल्या पावसाळ्यात डब्यातल्या वायसरची जाडी वाढते, उन्हाळ्यात कमी होते. म्हणून मे महिन्यात आवळलेला जोड ऑगस्टमध्ये बरा आणि जानेवारीत पाझरता. पाझरला की लगेच जोर लावू नका. धातू जस्ताचा आहे, आटे सटकतात आणि मग सावंतवाडीत नव्हे, इंग्लंडात भाग शोधावा लागतो. आधी वायसर काढून काचेवरच्या पॉलिश पेपरवर दोन्ही बाजू सपाट करा. पेट्रोल सुटल्यावर दहा मिनिटं थांबा, फायबर थोडा फुगून जोड धरतो. तरी गळालं तरच पाव फेरा आवळा.

तांब्याचा वायसर घाला असं तुम्हाला कोणीतरी सांगणार. तांबं दाबायला जेवढा जोर लागतो तेवढा हा जुना आटा देणार नाही. ट्रकच्या डिझेल लाइनला तांबं ठीक, इथे नको.

कागदी पॅकिंग स्वतः कापा. पेट्रोलला चालणारा पॅकिंग पेपर अर्धा मिमी जाडीचा घ्या. फ्लॅंजवर ठेवून हातोडीनं ठोकून कापायची आपल्याकडे पद्धत आहे, ती लोखंडी इंजिनावर चालते. जस्ताच्या कडेवर ठोकलं तर कड गोलावते. फ्लॅंजला शिक्क्याची शाई बोटानं लावा, कागदावर ठसा उमटवा, कात्रीनं कापा. भोकांना पंच वापरा, पेन्सिलीनं टोचू नका. टोचलेल्या भोकाचा कीस आत जाऊन जेटमध्ये बसतो.

प्रश्न : काका, आमची आरएक्स १००. कार्बोरेटर दोन वेळा बांधलंय, सगळी रबरां नवी, वाटीतली पिन पण नवी. तरी रेस आपसूक चढता आणि थ्रॉटल सोडलो तरी उतरणां नाय. मिस्त्री म्हणता, अजून एक किट टाकूया. (एक वाचक, मालवण)

उत्तर : तिसरं किट टाकू नकात. कार्बोरेटर आता निर्दोष सुटलोहा, दुसरीकडे शोधा. (एवढंच मालवणी येतं मला, पुढचं साधं लिहितो.)

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचा जॉइंट आहे. तो काढून हातात धरून वाकवा. बाहेरून गुळगुळीत दिसतो, वाकवल्यावर मुळाशी भेगा उघडतात. तिथून हवा ओढली जाते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जात असतं, त्यामुळे जास्त हवा म्हणजे नुसती रेस नव्हे, तेलही कमी. त्या अवस्थेत आंबोलीचा घाट चढवलात तर पिस्टन पकडणार.

जॉइंट चांगला निघाला तर क्रँकचे (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतो त्याचे) ऑइल सील. टू-स्ट्रोकचं पेट्रोल-हवा मिश्रण क्रँककेसमधून जातं, म्हणून हे सील कार्बोरेटरचेच भाऊबंद समजा. आरएक्समध्ये मॅग्नेटो (गाडीची वीज बनवणारा भाग) डाव्या बाजूला. तिकडचं सील गेलं तर बाहेरची हवा आत येते, म्हणजे नेमकं तुमचं दुखणं. क्लच उजवीकडे, तिकडचं गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं, धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी खाली जाते. (येझदीवाल्यांनी बाजू उलट धराव्यात, त्यांचा क्लच डावीकडे.) मॅग्नेटोचं झाकण काढा. आत तेलकट काळपट चिखल असेल तर सील संपलंय.

सीलच्या तोंडावर तीन आकडे असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी. तिन्ही जुळले तरी ओठाची बाजू बघा, स्प्रिंगवाला ओठ क्रँककेसकडे तोंड करून हवा. बसवण्याआधी ओठाला थोडं टू-टी ऑइल लावा, कोरडं सील पहिल्या किकलाच ओठ जाळून घेतं.

प्रश्न : वाटीला सगळीकडून लाल सिलिकॉन लावलं तर पॅकिंगची भानगडच नको ना? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नको. पेट्रोलात ते फुगतं, त्याचे धागे सुटतात आणि मेन जेटमध्ये अडकतात. गाडी नेमकी निवळीच्या घाटात बंद पडते.

प्रश्न : नवीन फ्लोट पिन टाकली, टोकाला रबर असलेली. तरी साइड स्टँडवर लावली की ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल टपकतं. मेन स्टँडवर टपकत नाही. (एक वाचक, अलिबाग)

उत्तर : मेन स्टँडवर थांबतं म्हणजे पिन धरते, पण जेमतेम. तुम्ही पिनबरोबर तिची सीट, म्हणजे पिन जिथे टेकून पेट्रोल बंद करते ती जागा, बदललीत का? जुन्या पिननं सीटच्या कडेला वर्तुळाकार झीज पाडलेली असते. बॅटरी मारून भिंगातून बघा, कड चमकदार आणि अखंड दिसली पाहिजे.

सीट बदलली असेल तर तिच्याखालचा वायसर बघा. वाटी खाली असणाऱ्या कार्बोरेटरात सीट खालच्या दिशेला तोंड करून असते. जुन्या वायसरपेक्षा पातळ वायसर घातला की सीट आत सरकते, फ्लोट उशिरा बंद करतो आणि वाटीतली पातळी वाढते. गाडी कलली की तेवढंच पेट्रोल नळीवाटे बाहेर. किटमधले वायसर मूळच्या जाडीचे असतीलच असं नाही, जुना आणि नवा दोन्ही मापा. जाडी तीच असेल तर मग फ्लोटची उंची. पितळी फ्लोट असेल तर कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल खळखळलं तर भोक आहे.

आणि तपासायची सोपी तऱ्हा : वाटी काढा, कार्बोरेटर उलटा धरा म्हणजे फ्लोटच्या वजनानं पिन बंद होईल, आणि पेट्रोलच्या नळीतून तोंडानं हवा फुंका. अजिबात जाता कामा नये. बोटानं फ्लोट उचलला की जायला हवी. आधी पुसून घ्या, पेट्रोलची चव दिवसभर जात नाही.

प्रश्न : गाडी वर्षातून दोनदा चालते, गणपतीला आणि शिमग्याला. मधल्या काळात टाकी रिकामी ठेवायची की भरलेली? एक म्हणतो रिकामी, रबरं टिकतात. एक म्हणतो भरलेली, टाकी टिकते. (एक चाकरमानी, मूळ गाव राजापूर)

उत्तर : टाकी भरलेली, कार्बोरेटर रिकामा.

टाकी अर्धी ठेवली की उरलेल्या जागेत आपली दमट हवा. इथेनॉल त्यातलं पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. कॉक उघडल्यावर तेच पहिलं कार्बोरेटरमध्ये उतरतं. वाटीच्या तळाला पांढरी भुकटी आणि हिरवट पितळ दिसलं तर कारण हे. गळ्यापर्यंत भरलेल्या टाकीत हवाच थोडी, आणि कॉकचं बूच ओलं राहतं.

कार्बोरेटर मात्र मोकळा करा. कॉक बंद करून इंजिन थांबेपर्यंत चालवलं तरी वाटीत तळाला थोडं राहतंच, तेच उडून जाऊन चिकट राळ होते. वाटीच्या खालचा स्क्रू सोडून उरलेलं बाटलीत घ्या. रबर थोडं आकसेल, आकसू द्या. परत पेट्रोल लागल्यावर सावरतं. राळेत अडकलेला जेट तसा सावरत नाही.

पेट्रोलची नळी पारदर्शक प्लॅस्टिकची असेल तर ती बदला. पिवळी पडून कडक होते आणि टोकाला सुटते, ऐन होळीच्या गर्दीत हे नको. कापडाच्या थराची फ्यूएल होज घ्या, क्लिप लावा. पडवीत उंदीर असतील तर नळी काढून घरात टांगा आणि कॉकच्या तोंडाला चिंधी बांधा. उंदरांना इथेनॉलवालं पेट्रोल आवडतं की रबर, ते मला माहीत नाही, पण कुरतडलेल्या नळ्या बऱ्याच बदलल्यात.

शिमग्याला पोहोचल्यावर आधी कॉक उघडा आणि पाच मिनिटं खाली बसून बघा, थेंब कुठून येतोय. किक त्यानंतर.